कलाभवनाचा धडा



इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना अन्य शाखांतील सोबत्यांबरोबर काम करावयास आणि उद्याची गरज ओळखून रचना करावयास शिकवावे, असा आग्रह आज सर्वत्र ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर आहे. परंतु हा विचार आपणांस अगदीच नवा नाही. बडोद्यास त्याचा एक प्रयोग १८९० सालीच झाला होता.

त्या वर्षी महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कलाभवन स्थापन केले. त्याची धुरा रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी वाहिली. चित्रकला, सुतारकाम, रंगाई आणि यंत्रविद्या हे विषय तेथे एकाच संस्थेत आले. शिक्षणही लोकांच्या भाषेतून देण्याचा गज्जरांचा आग्रह होता. यामागील मर्म साधे आहे. माग उत्तम चालला, पण रंग पहिल्याच धुण्यात उतरला, तर ते कापड कोण घेईल? रंग टिकला, पण नक्षी डोळ्यांत भरली नाही, तरी माल पडूनच राहणार.

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके याच कलाभवनात शिकले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण अशा अनेक विद्या त्यांनी आत्मसात केल्या. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा या साऱ्या विद्या एकत्र कामी आल्या. तरीही ते काम एकट्याचे नव्हते. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी सांभाळला. फिल्म धुण्यापासून सर्व मंडळींच्या जेवणापर्यंतचा भार सरस्वतीबाईंनी उचलला. ज्या धंद्याचे आपल्या देशात नावही नव्हते, त्याची तयारी अशी झाली होती.

पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले आणि कलाभवन त्याची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा बनले. ललितकलांसाठी १९५० साली निराळी विद्याशाखा उघडली. दोहोंनीही लौकिक मिळविला. विद्या वाढली की तिला स्वतंत्र घर लागते, हे खरेच. पण घरे वेगळी झाली म्हणून मधला दरवाजा बंद करण्याचे कारण नाही.

मी शाळामास्तर आहे. गणिताच्या वहीत चित्र काढणाऱ्या मुलास आपण रागावतो. कदाचित उद्याचा पूल त्या दोन्हींतूनच उभा राहणार असेल. कलाभवनाचा धडा आपण शिक्षकांनीच प्रथम गिरवावा, हे बरे.