अल्फा सफ्रेज क्लब
अमेरिकेतील शिकागो शहरातील कृष्णवर्णीय स्त्रियांची मताधिकार संघटना. स्थापना जानेवारी १९१३. निर्भीड पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी गोऱ्या सहकाऱ्यांच्या मदतीने ती उभी केली. त्याच वर्षी ३ मार्चला वॉशिंग्टनमधील मताधिकार मोर्चात वेल्स यांना मागच्या कृष्णवर्णीय तुकडीत चालण्यास सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि वाटेत गर्दीतून पुढे येऊन त्या इलिनॉयच्या तुकडीत सामील झाल्या. ही बाणेदार वृत्ती क्लबच्या कामातही उतरली. इलिनॉयमध्ये स्त्रियांना मर्यादित मताधिकार मिळताच सभासद मतदारनोंदणीसाठी दारोदार फिरल्या. घरी बसून मुले सांभाळा, असे पुरुषांनी हिणवले. त्या मागे हटल्या नाहीत. १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले, त्यात या पायपिटीचा मोठा वाटा होता.