एंजिन ‘लावणारे’ कारागीर

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास म्हणून जी पुस्तके आजवर लिहिली गेली, त्यांत दोनच प्रकारच्या माणसांस मानाचे पान मिळालेले दिसते. एक चालक आणि दुसरा कारखानदार. चालकाचे नाव निकालाच्या फलकावर चढते. कारखानदाराचे नाव तर गाडीच्या नाकावरच बसविलेले असते. परंतु या दोघांच्या मध्ये एक तिसरा मनुष्य असे. त्याचे दुकान एखाद्या आडगल्लीत, भांडवल म्हणजे एक जुने लेथ, काही कानशी आणि गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम. कारखान्यातून आलेले साधे एंजिन तो सोडवी, त्याचे भाग चार दिवस घाशी, तोली, मोजी, आणि पुन्हा जोडून देई; आणि तेच एंजिन रविवारी दुप्पट किमतीच्या गाड्यांस मागे टाकी. इंग्रजीत या मनुष्यास ‘ट्यूनर’ म्हणतात. आपल्याकडे तंबोरा ‘लावतात’, त्याच अर्थाने हा एंजिन लावणारा. मिरजेच्या कारागिरास जवारी काढताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांस ही उपमा ओढूनताणून आणलेली वाटणार नाही. घोडीवर कानस किती फिरवावयाची हे तो कोणत्याही कोष्टकात पाहत नाही. आणि एकदा घासलेले पुन्हा भरून येत नाही, हेही तो जाणून असतो.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो इंग्लंडातील अशा कारागिरांचा. कारण लहान मोटारींच्या शर्यतीचे वेड जितके त्या देशात फोफावले तितके क्वचितच इतरत्र; आणि त्याचे मूळ, मौजेची गोष्ट अशी की, एका करात आहे. १९२१ पासून इंग्लंडात मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड याप्रमाणे वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ती खरीखुरी मोजलेली नव्हे. सिलिंडरचा व्यास व सिलिंडरांची संख्या एवढ्यांवरून गणिताने काढलेली. व्यास लहान ठेवला की कर कमी. हर्बर्ट ऑस्टिन याने आपल्या राहत्या घरी, स्टॅन्ले एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या नकशानविसास हाताशी धरून जी चिमुकली गाडी आखली, ती १९२२ मध्ये बाहेर पडली. हीच ‘ऑस्टिन सेव्हन’. मुंबईच्या रस्त्यांवरही ती ‘बेबी ऑस्टिन’ या लाडक्या नावाने धावली. पुष्कळ घरांतील जुन्या छायाचित्रांत तिच्या पायरीवर पाय ठेवून उभे असलेले आजोबा आढळतील. १९३९ पर्यंत अशा सुमारे २,९०,००० गाड्या निघाल्या.

तिचे एंजिन ७४७ घन सेंटिमीटरचे. त्यात दोष पुष्कळ. क्रँकशाफ्टला आधार दोनच, पुढे एक व मागे एक. मध्ये काही नाही. वेग वाढला की मुलींच्या उड्यांची दोरी जशी मध्ये फुगते तसा तो दांडा लवे. १९३६ मध्ये मधला तिसरा आधार आला, तोवर लवणाऱ्या दांड्याशीच संसार करावयाचा होता. दुसरा दोष अधिक सूक्ष्म असून आमच्या विषयाचा सारा गाभा त्यात आहे, म्हणून त्याजकडे थोडे सावकाश पाहू.

सिलिंडर चार, परंतु आत वायू येण्याच्या वाटा दोनच होत्या. पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरास मिळून एक, तिसऱ्या व चौथ्यास मिळून एक. जुन्या वाड्यात एकाच नळीवर दोन बिऱ्हाडांच्या तोट्या असत, तशी ही व्यवस्था. आता सिलिंडरांचा पेट घेण्याचा क्रम पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा आहे. म्हणजे तिसऱ्याने श्वास घेतला की लगेच त्याच वाटेने चौथा श्वास घेणार. मग ती वाट निजून राहणार, आणि दुसरी वाट दुसऱ्या व पहिल्या सिलिंडरांसाठी लागोपाठ राबणार. सावकाश चालणाऱ्या गाडीस याचे काही वाटत नाही. परंतु शर्यतीसाठी झडपा अधिक वेळ उघड्या ठेवाव्या लागतात, आणि मग एकाची झडप मिटण्यापूर्वीच शेजाऱ्याची उघडते. एक तोटी चालू असता दुसरी सोडली म्हणजे जी भांडणे वाड्यात होतात, तीच एंजिनात होतात. कोणास वायू जास्त, कोणास कमी.

हे भांडण मिटविणे हाच पुढील चाळीस वर्षे या लहान दुकानदारांचा उद्योग होऊन बसला.

१९३९ मध्ये बिल बॉडी या मोटार-पत्रकाराच्या पुढाकाराने ‘७५० क्लब’ निघाला. युद्ध संपल्यावर इंग्लंडात पेट्रोलवर नियंत्रण होते, ते १९५० पर्यंत उठले नाही. नवी गाडी मिळणे दुरापास्त. अशा वेळी ज्याच्या खिशात फारसे काही नाही अशा तरुणास जुनी ऑस्टिन सेव्हन परवडे. क्लबाने तिच्यासाठी स्वतंत्र शर्यतींचे नियम केले. नियम कडक, आणि म्हणूनच बुद्धीस धार लावणारे. पैसा ओतून जिंकण्याची सोय नसली की मनुष्य विचार करू लागतो, हे या क्लबाच्या इतिहासात जागोजाग दिसते.

त्या तरुणांत कॉलिन चॅपमन हा एक. आपल्या वाग्दत्त वधूच्या घरामागील गॅरेजात त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर १९४८ मध्ये पहिली गाडी उभी केली. १९५१ च्या हंगामासाठी ऍलन बंधूंच्या साहाय्याने बांधलेल्या गाडीत त्याने वर सांगितलेल्या भांडणावर तोडगा काढला. वाटा दोनच राहू दिल्या, परंतु प्रत्येक वाटेत पत्र्याचा उभा पडदा घालून तिच्या दोन केल्या. एका नळीवरच्या दोन बिऱ्हाडांस स्वतंत्र नळ मिळाले! ती गाडी इतरांच्या इतकी पुढे गेली की नियम करणाऱ्यांनी पुढे ही युक्ती बंद केली. कारागिराच्या कर्तबगारीचे याहून चांगले प्रशस्तिपत्र आम्हांस ठाऊक नाही. चॅपमनची ‘लोटस’ पुढे जगज्जेती झाली, ती कथा सर्वश्रुत असल्याने येथे सांगत नाही. सर्बिटन येथील गॅरेजवाले कूपर पितापुत्र यांचेही तसेच. १९४६ मध्ये दोन फियाट गाड्यांची पुढची अंगे पाठीला पाठ लावून त्यांनी पहिली गाडी जोडली, आणि १९५९ व १९६० साली त्यांच्याच गाडीत बसून जॅक ब्रॅबम जगज्जेता झाला. हे दोघेही गल्लीतून राजरस्त्यावर गेले, म्हणून इतिहासात गेले. आमचे लक्ष आहे ते गल्लीत राहिलेल्यांकडे.

१९५१ मध्ये ऑस्टिन कंपनीने नव्या लहान गाडीसाठी ८०३ घन सेंटिमीटरचे नवे एंजिन काढले. हॅरी वेस्लेक नावाचा एक विलक्षण मनुष्य एंजिनातून वारा वाहवून तो मोजण्याच्या शास्त्रात अग्रणी होता; त्याची विद्या या एंजिनाच्या हेडमध्ये उतरली होती. तरीही काटकसरीपायी वायू आत येण्याच्या वाटा पुन्हा दोनच ठेवल्या गेल्या. जुने भांडण नव्या घरात आले. १९५९ मध्ये अलेक इसिगोनिस याने हेच एंजिन आडवे बसवून ‘मिनी’ निर्माण केली, तेव्हा ते ८४८ घन सेंटिमीटरचे व ३४ अश्वशक्तीचे झाले होते. चौतीस! आजच्या मुलांस हा आकडा ऐकून हसू येईल. पण दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, जॉन व्हिटमोर याने या लहानग्या मिनीत बसून इंग्लंडचे प्रवासी गाड्यांचे अजिंक्यपद मिळविले. पदकावर नाव व्हिटमोरचे; एंजिन लावलेले केंब्रिजच्या डॉन मूरचे.

अशी दुकाने मग गावोगाव निघाली. लंडनमधील ‘स्पीडवेल’मध्ये पुढे जगज्जेता झालेला ग्रॅहॅम हिल हा भागीदार होता. बर्मिंगहॅमचा राल्फ ब्रॉड आपल्या ‘ब्रॉडस्पीड’मधून मिनीच्या मागे लागला, आणि नंतर फोर्डकडे वळला. परंतु या सर्वांत आमच्या मते पहिला मान विल्टशायरमधील डाऊंटन या खेड्याचा. सॉल्झबरीजवळील या गावी डॅनियल रिचमंड व त्याची पत्नी बंटी यांचे लहानसे दुकान होते. मिनी बाजारात आल्यावर रिचमंडने तिच्या हेडवर हात चालविला, आणि त्याच्या हातची गाडी पाहून खुद्द इसिगोनिस थक्क झाला. पुढे कंपनीने रिचमंडचा सल्ला घेतला. खेड्यातील कारागिराने महाकाय कारखान्यास शिकवावे, हा प्रसंग उद्योगाच्या इतिहासात नित्य घडणारा नव्हे.

तो करीत तरी काय होता? वर्णन करण्यास गेले तर अगदी सामान्य वाटते. ओतीव लोखंडाच्या वाटा आतून खडबडीत असतात, त्या घासावयाच्या. परंतु चकाकी आणणे हे त्याचे मर्म नव्हे. वाट कोठे रुंद करावी, वळणाच्या आतल्या अंगाचे किती काढावे आणि बाहेरच्या अंगास हात लावू नये, झडपेखालचा गळा किती उघडावा, यात सारे आले. धातूच्या पलीकडे गार पाणी खेळत असते. कानस केसभर अधिक गेली की पाणी आत आणि हेड भंगारात. मग चारही सिलिंडरांच्या वरच्या पोकळ्या, रसायनशाळेत असते तशा काचेच्या नळीने रॉकेल थेंबथेंब सोडून मोजावयाच्या व समान करावयाच्या. हे सर्व शिकविता येते, पण लिहून नव्हे. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून आलेला जान ओडोर हा डाऊंटनला शिकला आणि सॉल्झबरीत त्याने ‘जानस्पीड’ काढले. रिचर्ड लाँगमन तेथलाच; १९७८ व १९७९ अशी दोन वर्षे त्याने मिनीवरच इंग्लंडचे अजिंक्यपद जिंकले. आपल्याकडे गायकांची घराणी असतात. डाऊंटन हे असेच एक घराणे होते असे म्हणण्यास हरकत नाही.

आता इतिहासकारापुढील अडचण. या लोकांनी मागे ठेवले काय? जाहिराती ठेवल्या, परंतु त्यांतील अश्वशक्तीचे आकडे विश्वासार्ह नाहीत. प्रत्येकाचे मोजण्याचे यंत्र निराळे, आणि प्रत्येकास माल विकावयाचा. आठवणी ठेवल्या, त्या रसाळ आहेत, पण चाळीस वर्षांत आठवणीतील गाडी दर वर्षी थोडी वेगवान होत जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. एकाच हेडची कामगिरी दोन गुरुबंधू आपापल्या नावावर सांगतात, आणि दोघेही खोटे बोलत नसतात. एकाने वाट कापलेली असते, दुसऱ्याने झडपा बसविलेल्या असतात. तेव्हा आमच्या मते खरा दस्तऐवज एकच, तो म्हणजे ते घासलेले लोखंड. त्याची जाडी मोजता येते, गळ्याचा व्यास मोजता येतो, कानशीच्या ओळी कोणत्या दिशेने गेल्या आहेत हे भिंगातून दिसते. डावखुऱ्याचा हातही ओळखू यावा. ताम्रपटावरील अक्षरांचे वळण पाहून कोरणाऱ्याचा काळ ठरवितात, त्याहून हे निराळे नाही.

परंतु ताम्रपट पेटीत राहतो. हे लोखंड राहत नाही. १९९८ पासून गुडवुड येथे जुन्या गाड्यांचा उत्सव भरतो. ७५० क्लबाच्या शर्यतीही थांबलेल्या नाहीत. जुन्या मिनी व ऑस्टिन तेथे खऱ्याखुऱ्या ईर्ष्येने धावतात, आणि धावणाऱ्या एंजिनाचे हेड तडकते, झिजते, पुन्हा घासले जाते. १९६३ सालच्या कारागिराच्या ओळींवर आजच्या कारागिराच्या ओळी पडतात. खाडाखोड करून त्याच कागदावर नवे पत्र लिहावे तसे. यात दोष कोणाचाच नाही. गाडी काचेच्या कपाटात ठेवा असे म्हणणे म्हणजे तंबोरा खुंटीला टांगा असे म्हणणे होय, आणि त्यात रिचमंडलाही काही सुख वाटले नसते. पण घासण्यापूर्वी आतील वाटेचा मेणाचा किंवा रबराचा ठसा घेऊन, त्यावर हेड कोठून आले आणि कोणी लावले याची चिठ्ठी बांधून ठेवण्यास एक दुपार पुरते. ही दुपार फारच थोड्यांस मिळते, असे आमचे निरीक्षण आहे. दंतवैद्य ज्या पदार्थाने जबड्याचा ठसा घेतो, त्याच जातीचा पदार्थ येथे चालतो. खर्चाची सबब सांगण्यासारखी नाही.

ठसे घेतले जातात, पण निराळ्या हेतूने. हाताने कोरलेली उत्तम वाट आता यंत्राच्या सुईने बिंदूबिंदूने वाचली जाते, आणि गणकयंत्राच्या आज्ञेवर चालणारी कापणी तशाच शंभर वाटा नव्या हेडांत कोरून देते. जुन्या एंजिनाचे उत्पादन २००० साली मिनीबरोबरच संपले, तरी त्याची हेडे नव्याने ओतली जातात, ऍल्युमिनियमचीही. त्यांवर विकणाऱ्याचे नाव असते, घाटास एखादा क्रमांक असतो. तो घाट मुळात कोणाच्या हातचा, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. आणि सांगू शकतील अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.