तिसरी पाळी

१ जानेवारी १९०६ रोजी देशभर एक प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे पडली. महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवताना हा भाग मी मुद्दाम लांबवायचे. पुस्तकात तो फिरोजशहा मेहता, महापालिका आणि सरकार यांच्यातल्या भांडणासारखा असतो. मुंबईचं घड्याळ मुंबईचंच राहिलं पाहिजे, या हट्टाने महापालिकेने आपली वेळ १९५५ पर्यंत सांभाळली. पण त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं ते कशासाठी? गिरणीने नव्या वेळेने सहाचा भोंगा दिला, तर कामगाराच्या जुन्या हिशेबाने तेव्हा पाच वाजून एकवीस मिनिटं झालेली असत. पुढाऱ्यांचा मान गेला होता, यांची झोप गेली होती. डिलाइल रोडच्या माझ्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावं लागत नसे. निम्म्यांचे बाप तेव्हा घरी झोपलेले असत आणि वर्ग सकाळचा असे.

माझेही आप्पा साचाखात्यात होते. बीडीडी चाळीतली खोली, १६० चौरस फूट, त्यात आम्ही आणि गावाकडचे दोघं-तिघं. निद्रानाश हा शब्द मी पहिल्यांदा दिवाळी अंकातल्या एका लेखात वाचला. मनावरचा ताण, चहा कमी करा, झोपण्याआधी कोमट दूध घ्या. आप्पांना मी तो वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘दूध कुठल्या वेळी घ्यायचं ते लिहिलंय का?’

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभी करायला घेतली. सुरुवातीच्या गिरण्या उजेडावर चालत, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर काम जास्त. पण रात्र रात्रच होती. विजेचे दिवे आले आणि हे कुंपण मोडलं. १९०५ च्या सुमारास स्वदेशीमुळे मागणी वाढली, तेव्हा गिरण्या दिव्यांवर चौदा-पंधरा तास चालवल्या जात होत्या. त्याआधी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली होती, ती नसती तर काय झालं असतं कोण जाणे. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचे तास बारावर आणले, १९२२ मध्ये अकरा झाले, १९३४ मध्ये दहा, १९४८ मध्ये नऊ.

हे आकडे फळ्यावर उतरत्या भाजणीत लिहिले की मुलं खूश होत. मग मी विचारायची, गिरणी किती तास चालायची? माणसाचे तास कायद्याने आखूड केले, यंत्राचे कोणी केले नाहीत. एकाच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. रात्रपाळी पसरली, दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली आणि तीन पाळ्या अंगवळणी पडल्या. आप्पांच्या वेळी सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात. तिसरी पाळी तासांनी सर्वांत लहान. कागदावर तीच सुखाची दिसते.

यंत्राला लागणारी वीजही फुकट आली नव्हती. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, ते घाटमाथ्याचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. पुढे मुळशीचं धरण आलं. १९२१ मध्ये सेनापती बापट मावळ्यांबरोबर सत्याग्रहाला बसले, तरी शेतं बुडायची ती बुडालीच. मुंबईतल्या जागरणाचा पहिला खर्च गावाने असा भरला. शाळेच्या पुस्तकात मुळशी एका धड्यात आणि गिरण्या दुसऱ्या धड्यात असतात, याचा मला कायम राग आलेला आहे.

आप्पा साडेसातला घरी येत. चहा, आंघोळ, भाकरी, आणि नऊला पडत. त्याच वेळी चाळ खरी जागी होई. कॉरिडॉरमध्ये पोरं, भांडीवाली, कुणाचा रेडिओ, कुणाचा दळणाचा डबा आपटलेला. आई दारात बसून येणाऱ्याला हातानेच गप्प करायची. वाग्भटाने सांगून ठेवलंय की सवय नसताना जागरण घडलं तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावं. सवय झालेल्याने काय करावं, हे वैद्याला सांगायची वेळच आली नसावी. आणि आप्पा निदान कायम होते. बदली कामगाराचे हाल याहून वाईट. त्याने पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर पुढच्या पाळीला पुन्हा. आज रात्री झोपायचं की नाही, हे त्याला रात्री बारालाच कळायचं.

बायकांना रात्रपाळीला लावायला कायद्याने बंदी होती. संध्याकाळी सातनंतर बाईने यंत्रावर नसावं. नळावर असायला हरकत नव्हती. पाणी पहाटे चारला यायचं, सातच्या पाळीवाल्याचा डबा त्याआधी, बाराला सुटलेल्याला गरम वाढायचं. खानावळ चालवणाऱ्या बायका तर दहा-बारा जणांच्या पाळ्या डोक्यात ठेवत. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून या बायकांना कर्ज मिळू लागलं आणि सावकार सुटला. पहाटे चारचं उठणं सुटलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं एकदम रात्री घरी आली आणि त्यातल्या कित्येकांना झोप येईना. आप्पा बाराला उठून बसत. पुढे कराडकडे गावी गेले, म्हणाले, तिकडे शांत झोपीन.

गावात शांत झोप असते, हा शहरातल्या माणसाचा लाडका समज. गाव झोपायचं, कारण कुणीतरी जागायचं. जागल्या, रामोशी, वतनदार महार यांना रात्री-अपरात्री हाक आली की उठणं भाग होतं. वतनाच्या नावाखाली चोवीस तासांची चाकरी आणि मोबदला तुटपुंजा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या चाकरीवर. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. गावगाड्यात रात्रीची झोपही जातीने वाटलेली होती, एवढं लक्षात ठेवलं की हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून केलेल्या जागलीच्या आठवणी जरा बेताने रंगवल्या जातात.

मग पंप आले. शेतीच्या थ्री फेज लाइटचं वेळापत्रक बरीच वर्षं असं आहे: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास, आठवड्याच्या पाळीने. दिवसा कारखाने आणि शहरं वीज ओढतात, रात्री मागणी उतरते. उरलेली जागा शेताने भरायची. इथेही रात्रीचे तास कागदावर जास्तच दिसतात! चुलतभावाच्या उसाला दारं धरायला आप्पा म्हातारपणी बॅटरी आणि काठी घेऊन बाराला निघत. पंपाला ऑटो स्विच आहे, लाइट आली की तो आपोआप चालू होतो. पण पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत आपोआप जात नाही. साप पूर्वीही होते, आता बिबट्या उसातच वाढतो. चुलती म्हणायची, ‘भाऊजी, तुमची गिरणी बंद कुठं पडलीय?’

२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. सूर्यावर वीज, म्हणजे शेताला पाणी दिवसा. त्याच वर्षी राज्यात दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा झाला; त्याने कार्यालयं रात्रभर उघडी ठेवायला मोकळीक दिली आणि संमती असेल तर बायकांनाही रात्रपाळी खुली केली. माझी भाची लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात बसते, अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे. घरी सोडायला गाडी आहे, खिडकीला जाड पडदे आहेत, झोपेच्या गोळ्याही आहेत. तिला डॉक्टरांनी फाइलवर निद्रानाश असं लिहून दिलंय. आप्पांच्या कुठल्याच कागदावर तो शब्द नव्हता.

चुलतभावाच्या शेजारच्या फीडरला दिवसाची लाइट मिळाली, त्याच्या फीडरला अजून नाही. दर आठवड्याचं वेळापत्रक तो मोबाइलवर बघतो. या आठवड्यात रात्रीची आहे, तेव्हा दुपारी फोन करू नकोस, असं त्याने मला बजावलंय.