ढिगाऱ्यावरचा कोबी

घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि सूर्य अजून मावळलेला नाही. जून १९४२. लंडनच्या पूर्व भागात, बेथनल ग्रीनमधल्या रशिया लेनवर तुम्ही उभे आहात. युद्धामुळे इथली घड्याळं उन्हाळ्यात दोन तास पुढे केलेली असतात. कारखान्यातून थकून आलेल्यांना त्यामुळे अजून तासभर तरी खणता येईल.

समोर घरांच्या ओळीत मोठं खिंडार आहे. उरलेल्या भिंतीवर कुणाच्या तरी झोपायच्या खोलीचा फुलाफुलांचा कागद दिसतो. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडायला लागले, तेव्हा एका दमात ५७ रात्री पडत राहिले; पुढच्या मेपर्यंत मारा चालूच होता. त्या घरांच्या जागी आता कोबी, बीट आणि घेवड्याचे वाफे आहेत.

"अहो, नुसते बघत काय उभे राहिलात? चाळणीचं ते टोक धरा," एक आजोबा म्हणतात. तुम्ही धरता. दोन झोक्यांतच खांदे भरून येतात. माती आहे, पण ती विटा, चुना, छपराच्या पाट्या आणि काचांच्या खाली दबलेली. अख्ख्या विटा वेगळ्या काढून वाफ्यांच्या कडेला रचायच्या, तुकडे पायवाटेत दाबायचे, बाकीचं चाळायचं. चुन्याचा भुगा मात्र कुणी फेकत नाही. कोबीला तो मानवतो. एक मुलगा मोडक्या बाबागाडीतून लीद आणतो. दूधवाल्याच्या, कोळसेवाल्याच्या गाडीला अजून घोडे आहेत, आणि त्यांच्या मागे बादली घेऊन पळणारी पोरंही. विकत घ्यायचं म्हणाल तर जवळजवळ फक्त बियाणं.

या सगळ्याला आता रीतसर नाव मिळालं आहे: बेथनल ग्रीन बॉम्ब्ड साइट्स प्रोड्यूसर्स असोसिएशन. त्यामागे सर विंडम डीड्स आहेत. ब्रिगेडियर जनरल म्हणून निवृत्त झालेला, पॅलेस्टाइनच्या ब्रिटिश प्रशासनात मुख्य सचिव राहिलेला हा माणूस कित्येक वर्षं या गरीब वस्तीत राहून बिनपगारी समाजकार्य करतो आहे. हवाई हल्ल्यांच्या काळात इथल्या वॉर्डनांचा प्रमुखही तोच. पण मला विचाराल तर खरं श्रेय चाळणी धरणाऱ्यांचं. दिवसभर यंत्रावर उभं राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी शेजाऱ्याच्या पडक्या घराचा राडारोडा उपसायची सक्ती कुणी केलेली नाही.

"कांदा लावलात?" तुम्ही विचारता. आजोबा अभिमानाने एका ओळीकडे बोट दाखवतात. लंडनला कांदा यायचा तो बराचसा फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून आणि चॅनेल बेटांवरून. १९४० मध्ये दोन्हीकडे जर्मन आले आणि इथल्या बाजारातला कांदा जणू गायबच झाला. लोक एकेका कांद्याची सोडत काढू लागले. कांद्यावाचून रस्सा कसा लागतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जमिनीच्या एवढ्या तुकड्यात सगळ्या वस्तीचं पोट भरणार नाही, हे इथे प्रत्येकाला कळतं. पण घर गेलं त्याच जागेवर आपल्या हाताने काही उगवून आणणं, आणि तेही शेजाऱ्यांसोबत, याचं मोल मला वजनकाट्यावरच्या भाजीपेक्षा फार मोठं वाटतं.

कोपऱ्यात रुबार्बची पानं पसरली आहेत; याचे आंबट देठ शिजवून खातात. बाबागाडीवाला पोरगा एक लालसर देठ ओढायला जातो, तोच एक बाई त्याचा हात धरते.

"यंदा एकही तोडायचा नाही. आत्ताच तर लावलाय, मुळं धरू देत."

"मग कधी?"

"पुढच्या वर्षी थोडे, त्याच्या पुढच्या वर्षी पोटभर."

ही जागा युद्धापुरतीच मिळाली आहे, पुढे इथे घरं उभी राहणार, हे तिला ठाऊक आहे. ती त्याच्या हातात बादली देते आणि उजेड आहे तोवर घेवड्याखालच्या काचा वेचायला पाठवते. आजोबा तुम्हाला पुन्हा हाक मारतात. चाळणी भरली आहे.