ॲप्लिसिया ब्राझिलियाना

ॲप्लिसिया ब्राझिलियाना ही मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील सागरी गोगलगाईची एक जाती आहे. काही तज्ज्ञ तिचा समावेश ॲप्लिसिया फॅसिएटा या जातीत करतात. डोक्यावरील उभे संस्पर्शक सशाच्या कानांसारखे दिसतात, म्हणून या प्रजातीतील प्राण्यांना 'समुद्री ससा' म्हणतात. मेक्सिकोच्या आखातात, टेक्ससच्या किनाऱ्यालगत ही जाती आढळते. तिचा शंख पातळ असून प्रावाराखाली दडलेला असतो. त्यामुळे शंखात शिरून बचाव करण्याची गोगलगाईची नेहमीची सोय तिला नाही. डिवचल्यास ती जांभळी शाई सोडते.

वाळूत शिरणे

पाठीच्या दोन्ही बाजूंचे पसरट पार्श्वपाद पंखांप्रमाणे हलवून हा प्राणी पोहतो; प्रजातीतील बहुतेक जातींना हे साधत नाही. विसावताना तो डोके खाली घालून वाळू बाजूस सारतो आणि हळूहळू स्वतःला पुरून घेतो. ही क्रिया केवळ लपण्यासाठी व एकट्याने केली जाते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ॲस्पी व ब्लँकेनशिप या संशोधकांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले: वाळूत आधीच पुरलेले स्वजातीय जवळ असले, की पोहणारे प्राणीही वाळूत शिरण्यास प्रवृत्त होतात.

समूह व प्रजनन

हे प्राणी उभयलिंगी असतात. शिश्न डोक्याच्या उजव्या बाजूस असल्याने एकामागे एक अशा अनेक प्राण्यांची साखळी तयार होऊ शकते. तीत सर्वांत पुढचा केवळ मादीची, सर्वांत मागचा केवळ नराची आणि मधले दोन्ही भूमिका एकाच वेळी पार पाडतात.

एकत्र येण्यामागे रासायनिक संकेत असतात. ॲप्लिसिया कॅलिफोर्निका या जातीच्या अंड्यांच्या दोऱ्यांतून पाण्यात पसरणारे 'अट्रॅक्टिन' हे पेप्टाइड वेगळे करण्यात आले आहे. 'टी' आकाराच्या मार्गात घेतलेल्या चाचण्यांत त्याचा प्रभाव ब्राझिलियानावरही पडला: अंडी न घालणाऱ्या प्राण्याशेजारी ते सोडल्यावर इतर प्राणी त्याच्याकडे अधिक वळले. म्हणजे हा संकेत जातीची सीमा ओलांडतो.

तरीही येथे 'सामाजिक' हा शब्द मुंग्या-मधमाश्यांच्या अर्थाने घेता येत नाही. कामाची वाटणी नाही, पिलांचे संगोपनही नाही. अंड्यांतून बाहेर पडलेले डिंभ प्लवकांसोबत वाहत जातात. मज्जासंस्थेच्या अभ्यासामुळे कॅलिफोर्निका जाती जगप्रसिद्ध झाली (एरिक कँडेल यांना 2000 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच प्राण्यावरील संशोधनासह), तिच्या वाळूत शिरणाऱ्या या नातलगाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.