डुरकणी, आरसा आणि डुक्कर

एजियन समुद्रातल्या डेलोस बेटावर अपोलोची जत्रा भरे. आयोनियाच्या गावोगावचे ग्रीक बायकापोरांसह जहाजांतून तिथे उतरत. मुष्टियुद्ध, नाच, गाणी असा सगळा थाट असे. या जत्रेचं वर्णन करणारं एक स्तोत्र होमरच्या नावावर चालत आलं आहे, पण अभ्यासक ते बहुधा इ.स.पू. सहाव्या शतकातलं मानतात. त्यात सगळ्यांत मोठं नवल म्हणून वाखाणल्या आहेत त्या डेलोसच्या मुली. कुठल्याही मुलखातल्या माणसांची बोली आणि त्यांच्या तालाचा खडखडाट या मुली असा काही उचलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तर मीच बोलतोय! या उचलण्यासाठी कवीनं जे क्रियापद वापरलं, त्याच्याच घराण्यातला शब्द म्हणजे मिमेसिस, ढोबळ मानानं नक्कल किंवा अनुकरण. पुढे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जाऊन बसलेल्या या कल्पनेचा हा फार जुना पुरावा.

यात चित्र नाही, पुतळा नाही, आरसा तर नाहीच. आहेत ते गळा, हात आणि पाय.

दुसरा पुरावा जरा भीतिदायक आहे. ग्रीक नाटककार एस्किलसचं 'एडोनियन' हे नाटक हरवलं, पण भूगोलकार स्ट्रॅबोनं त्यातल्या काही ओळी उतरवून घेतल्यामुळे तेवढ्या वाचल्या. ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसमधल्या एका उत्सवाचं ते वर्णन आहे. पावे वाजताहेत, काशाच्या झांजा घुमताहेत, आणि मधेच कुठून तरी, माणूस दिसत नाही अशा जागेवरून, बैलाच्या आवाजाचे 'मिमॉय', म्हणजे नक्कल करणारे, डुरकतात. जोडीला जमिनीखालच्या गडगडाटासारखा ढोल. ही डुरकणी म्हणजे करमणुकीची नक्कल नव्हे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, देव जवळपासच आहे असं वाटावं, यासाठी ती आहे. त्या घटकेपुरता बैल तिथे खरोखरच हजर असतो.

सिसिलीत मात्र याच घराण्याची एक शाखा अगदी चारचौघांत, बाजारात वाढली. सिरॅक्यूजच्या सोफ्रॉननं इ.स.पू. पाचव्या शतकात गद्यात छोटे छोटे प्रवेश लिहिले. त्यांना 'माइम' म्हणत. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. त्यांची शिल्लक राहिलेली नावंच सगळं सांगून जातात: 'सासू', 'शिवणकाम करणाऱ्या बाया', 'ट्यूना पकडणारा'. आपल्याकडच्या बहुरूप्याला हा माणूस लगेच ओळखू आला असता. मिमेसिसचं मूळ देवळातल्या नाचात की या बाजारी सोंगात, यावर गेल्या शतकात विद्वानांची चांगलीच जुंपली होती. हेर्मान कोलर यांनी 1954 मध्ये नाचाची बाजू मांडली, तर 1958 मध्ये जेराल्ड एल्स यांनी ती खोडून सिसिलीच्या सोंगाकडे बोट दाखवलं. मला स्वतःला हा वाद तुटेपर्यंत ताणण्यासारखा वाटत नाही. दोन्हीकडे अंगात काहीतरी आणणंच आहे, फरक प्रसंगाचा.

शरीरातून ही कल्पना लाकूड-रंगांत कधी उतरली, याची नक्की तारीख सांगता येत नाही, पण ती उतरताना दिसते ती पुन्हा एस्किलसकडेच. ऑक्सिरिंकस या इजिप्तमधल्या गावाच्या उकिरड्यात मिळालेल्या पपायरसच्या तुकड्यांवर त्याच्या एका सॅटर-नाटकाचा भाग आहे. सॅटर म्हणजे दारू आणि दंगा यांत रमणारी, शेपटीवाली रानटी टोळी. हे महाशय स्वतःच्याच प्रतिमा हातात घेऊन पोसायडनच्या देवळावर ठोकायला निघालेत. प्रतिमा पाहून ते थक्क झाले आहेत. दंतकथांतल्या कसबी कारागिराच्या, डेडॅलसच्या हातची करणी, फक्त आवाज तेवढा नाही! एक जण तर म्हणतो, की माझ्या आईनं ही पाहिली तर बिचारी मीच समजून रडत माघारी पळेल. विनोद फर्मास आहे, पण त्याखाली एक हिशेबही आहे. पूर्वी आवाज होता म्हणून मिमेसिस होतं. आता आवाज सोडून बाकी सगळं आहे, म्हणून मिमेसिस आहे.

एकदा ही कल्पना चित्रात शिरल्यावर प्रश्न बदलले. इतिहासकार झेनोफननं सॉक्रेटिसच्या आठवणींत एक भेट नोंदवली आहे. सॉक्रेटिस पॅरासियस या नामांकित चित्रकाराकडे जातो आणि विचारतो, खाचखळगे, उजेड-अंधार, मऊ-कठीण हे सगळं तुम्ही रंगांनी दाखवता. माणसाचा स्वभाव दाखवता का? चित्रकार म्हणतो, ज्याला ना आकार ना रंग, ते दाखवायचं कसं? मग सॉक्रेटिस त्याला डोळ्यांकडे नेतो. मित्राकडे पाहणारी नजर आणि शत्रूकडे पाहणारी नजर वेगळी असतेच ना? ती रंगवता येतेच ना?

सॉक्रेटिसच्याच शिष्यानं, प्लेटोनं, या कल्पनेवर खटला भरला. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या पुस्तकात खटल्याचं स्वरूप अजून जुनं आहे. 'इलियड'च्या आरंभी होमर आधी स्वतःच्या तोंडानं सांगतो आणि मग एकदम म्हातारा पुजारी क्रायसिस होऊन बोलू लागतो. प्लेटोच्या मते हे दुसऱ्याच्या तोंडानं बोलणं म्हणजेच मिमेसिस, आणि तेच धोक्याचं. लहानपणापासून जी सोंगं घ्याल ती अंगवळणी पडतात. म्हणून नगराच्या रक्षकांनी काय काय काढायचं नाही, याची यादीच तो देतो: घोड्यांचं खिंकाळणं, मेघगर्जना, आसांचा आणि कप्प्यांचा करकराट, कुत्र्या-मेंढ्यांचे आवाज, आणि बैलांची डुरकणी. थ्रेसमधला तो न दिसणारा बैल इथे नावानिशी हद्दपार झाला. सगळं काही होऊ शकणारा कवी गावात आलाच, तर त्याला नमस्कार करा, डोक्यावर सुगंधी तेल ओता, लोकरीचा पट्टा बांधा आणि दुसऱ्या गावी पाठवा. असला आदरपूर्वक निरोप अपमानाहून वाईट.

दहाव्या पुस्तकात मात्र गळा आणि अंग मागे पडतं, चित्र पुढे येतं. आरसा घ्या आणि सगळीकडे फिरवा. सूर्य, पृथ्वी, जनावरं, भांडीकुंडी, सगळं क्षणात तयार! पाठोपाठ तीन खाटा येतात. एक देवानं केलेली, खाटपणाचं मूळ रूप. दुसरी सुताराची. तिसरी चित्रकाराची, आणि तीही एकाच बाजूनं दिसणारी. पुढे मिमेसिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हा आरसाच उभा राहिला. माझ्या मते गफलत इथेच आहे. ज्या गोष्टीची प्लेटोला खरी धास्ती होती ती अंगात येणारी होती. युक्तिवाद मात्र त्यानं भिंतीवर टांगण्याच्या वस्तूवर चालवला. गंमत म्हणजे हाच प्लेटो सोफ्रॉनच्या माइमांचा इतका भोक्ता, की ते त्याच्या उशाखाली सापडले अशी दंतकथा आहे. आणि स्वतःचं सगळं तत्त्वज्ञान त्यानं दुसऱ्यांच्या तोंडानंच तर लिहिलं!

हे त्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटलं नाही. अ‍ॅरिस्टॉटल सतराव्या वर्षी अथेन्सला आला आणि सुमारे वीस वर्षं प्लेटोच्या अकादमीत राहिला. त्याच्या 'काव्यशास्त्रा'च्या (मराठीत ते विंदा करंदीकरांनी आणलं) अगदी पहिल्याच प्रकरणात सोफ्रॉनचे माइम आणि सॉक्रेटिसचे संवाद एका ओळीत बसवलेले आहेत. दोन्हींना मिळून एखादं नाव नाही, एवढीच त्याची तक्रार. गुरूवर याहून सभ्य चिमटा काढता येणार नाही. पुढे तो म्हणतो, नक्कल करणं माणसाला पोरपणापासूनच येतं आणि पहिले धडे तो त्यातूनच शिकतो. किळसवाणे प्राणी, प्रेतं, जे प्रत्यक्ष पाहवत नाही, त्याचंही अचूक चित्र आपण आवडीनं पाहतो. हरिणीला शिंगं नसतात हे चित्रकाराला माहीत नसलं तर फारसं बिघडत नाही. चित्रच न वठलं तर मात्र चूक मोठी. आणि शोकांतिका कशाचं मिमेसिस? माणसांचं नव्हे, कृतीचं. म्हणजे आरसा गेला आणि हालचाल परत आली. अतिरेकाला मात्र तो हसतो. थाळीफेक दाखवायची म्हणून स्वतःच गरगर फिरणारे पावावाले त्यानं पाहिले होते.

यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी, इ.स. 100 च्या आसपास, चरित्रकार प्लुटार्क अथेन्समध्ये एका एपिक्युरियन मित्राकडे जेवायला बसला असता पुन्हा हाच विषय निघाला. रडणारा माणूस पाहवत नाही, रडण्याचं सोंग मात्र पाहवतं, असं का? प्लुटार्कचं म्हणणं असं, की कारागिरीची ओढ माणसात जन्मजातच असते. पोरापुढे साधी भाकरी ठेवा आणि त्याच कणकेचा कुत्रा किंवा बैल ठेवा. ते कुत्र्याकडेच धावेल. मग त्यानं पार्मेनोची गोष्ट सांगितली. पार्मेनो डुकराचा आवाज काढण्यात प्रसिद्ध होता. इतर नकलाकारांना त्याचा हेवा. लोक म्हणत, छान आहे, पण पार्मेनोच्या डुकरापुढे काहीच नाही. शेवटी एक जण खरंच डुकराचं पिल्लू काखेत लपवून आला आणि त्याला ओरडायला लावलं. लोक नेहमीचंच पुटपुटले. तेव्हा त्यानं पिल्लू सोडलं ते थेट प्रेक्षकांतच.