पहिल्या पायदानावरची मुंबई

मंझिल गाठायला निघालेल्या माणसाची गाणी हिंदी सिनेमात ढिगानं आहेत. त्यातली लोकांनी खरंच डोक्यावर घेतली ती कोणती, हे पाहायचं तर बिनाका गीतमालेच्या वार्षिक याद्या चाळाव्या लागतात. 1954, 1955 आणि 1956 ची पहिल्या क्रमांकाची गाणी मी एकाखाली एक लिहून काढली, तेव्हा चमकलो. पहिलं 'टॅक्सी ड्रायव्हर'मधलं, तलत महमूदच्या आवाजातलं. जायचं कुठे हेच न कळलेल्या माणसाचं. दुसरं 'श्री 420'मधलं, जपानी बुटाचं. नायक अलाहाबादहून चालत मुंबईला निघालाय. तिसरं 'सी.आय.डी.'तलं. माणूस मुंबईत पोचलाय आणि इथे जगणं किती कठीण आहे ते हसत हसत सांगतोय.

निघण्याआधी, वाटेत, पोचल्यावर. सलग तीन वर्षांत एक अख्खं स्थलांतर, आणि तेही कुणी न ठरवता.

मी श्रीवर्धनचा, त्यामुळे हा क्रम मला ओळखीचा वाटला. गाव सोडून मोठं होण्याची परंपरा आमच्याकडे जुनी आहे. बाळाजी विश्वनाथ भट इथूनच घाटावर गेले आणि 1713 मध्ये पेशवे झाले. जंजिरा संस्थान 1948 मध्ये विलीन झालं तोवर, आणि नंतरही, बाकीच्यांची मंझिल मुंबईच होती. रोठा सुपारीच्या वाडीवर सगळ्या भावांचं भागत नाही. मग एक वाडी बघतो, उरलेले चाकरमानी होतात.

ही तीन गाणी लिहिणारेही बाहेरूनच आलेले. साहिर लुधियानाचा, लाहोरमार्गे आलेला. शैलेंद्र मथुरेत वाढलेला, मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा. मजरूह मुशायऱ्यासाठी आला आणि इथलाच झाला. तिसरं गाणं ज्याच्यावर चित्रित झालं तो जॉनी वॉकरही इंदूरहून आलेला, आधी बेस्टच्या बसचा कंडक्टर. पोचलेल्या माणसाची थट्टा त्याला कुणी शिकवावी लागली नसणार.

आता ही मोजणी व्हायची कशी? गीतमाला 3 डिसेंबर 1952 ला, बुधवारी, रेडिओ सिलोनवर सुरू झाली. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार झाली होती. (हद्दपार करणारा मराठी माणूस होता, हे आपण फारसं आठवत नाही.) शॉर्टवेव्ह वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येते, त्यामुळे कोलंबोतून निघालेला अमीन सयानींचा आवाज थेट आपल्या किनाऱ्यावर उतरायचा. सुरुवातीला सात गाणी कुठल्याही क्रमाविना लागत. क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा आणि बक्षीस शंभर रुपये. पुढे रेकॉर्डच्या विक्रीवरून क्रम ठरू लागला. दुकानातल्या रेकॉर्डी संपल्या की लोकप्रिय गाणंही मागे पडायचं, म्हणून श्रोता संघांची मतंही जोडली गेली. रँकिंगचं काम केलेल्या कुणालाही हा जुगाड समजेल. जिथून आकडे येतात, तिथलीच आवड यादीत दिसते.

आणि हिंदी सिनेमाबाहेरचं तर काहीच मोजलं जात नव्हतं. त्याच दशकात अण्णा भाऊ साठेंची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गाजत होती. मुंबईला आलेला मजूर, गावी राहिलेली बायको, आणि त्या ताटातुटीला जोडलेली सीमाभागाची ताटातूट. अमर शेखांच्या आवाजात ती हजारोंच्या गर्दीत घुमली, पण तिला पायदान नव्हतं. तिकीट नाही, रेकॉर्डची पावती नाही, तर आकडा कुठून येणार?

यादीतलं तिसरं गाणं द्वंद्वगीत आहे, पहिली दोन एकट्या पुरुषाची. त्याच्या मागे कोण राहिलं, याचा त्यांत पत्ता नाही. श्रीवर्धनातल्या माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका गणपती आणि शिमगा याच दोन तारखांनी वर्ष मोजत. नवरा त्याच वेळी घरी यायचा.